विदर्भातली शिळावर्तुळं: जाता जाता पाहायची तर नेमकं काय बघायचं आणि कसं?

वाटसरू४४
जानेवारीच्या मध्यावर गाडीने नागपूरला येणं आहे, दोन दिवस मोकळे आहेत. नागपूरजवळ काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीची शिळावर्तुळं आणि जमलं तर आसपासची आणखी एकदोन ठिकाणं पाहायची आहेत. व्हिडिओ ढिगाने आहेत, पण सगळ्यांत 'तीन हजार वर्षांचं गूढ' आणि पार्श्वसंगीत यापलीकडे काही नाही. खाली लोकांच्या तक्रारी मात्र एकसारख्या: गेलो, नुसते दगड होते, परत आलो. तसं होऊ नये म्हणून विचारतो. कोणत्या वेळी जावं? वर्तुळ आहे हे ओळखावं कशावरून? आणि थोडी मोजमापं घ्यायची तर सोबत काय न्यावं?

पांदणवाट
महिना बरोबर निवडलात. पावसाळ्यानंतर इथलं गवत कमरेएवढं वाढतं आणि दगड असतात गुडघ्याएवढे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाणाऱ्याला गवताचं माळरान दिसतं, वर्तुळ नाही. डिसेंबरअखेर गवत वाळून आडवं होतं, ढोरं चरून जातात, मग कडं उघडं पडतं. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हेच दिवस. मार्चनंतर ऊन, आणि पावसाळ्यात काळी माती: गाडी पांदणीत घातली की चाकांना लाडू बांधले जातात आणि पुढे काहीच करता येत नाही. डांबरी सोडून आत जायचं तर गाडी रस्त्यावरच ठेवा, चाला.

पायात घोट्यावर येणारे बूट हवेत. कुसळी गवताची कुसळं साध्या मोज्यांतून आरपार जातात, त्यामुळे कापडी पट्टी किंवा गेटर बांधा. दगडांच्या कपारीत घोणस असू शकते, हात घालायचा नाही, काठी आपटत चालायचं. गोचिड्या असतात, परतल्यावर विजार झटका.

काळापाषाण
आधी हे काय आहे ते डोक्यात पक्कं असू द्या, म्हणजे 'नुसते दगड' होत नाहीत.

विदर्भातली वर्तुळं ही लोहयुगातली दफनं आहेत, ढोबळमानाने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. उभ्या शिळांची मिरवणूक इथे नसते. परिघावर मोठाले गोटे एकाला एक लागून बसवलेले असतात, कुठे एक रांग, कुठे दोन. आतली जागा भरलेली असते: खाली चिकट काळी माती, तिच्यात किंवा तिच्याखाली अस्थी, भांडी, लोखंडी वस्तू, आणि वर लहान गोटे-मुरमाचा थर. म्हणून शाबूत वर्तुळ मध्याकडे किंचित फुगलेलं असतं, पालथ्या परातीसारखं. हा फुगवटा उभ्याने दिसत नाही. कड्याबाहेर उकिडवे बसा, डोळा दगडांच्या माथ्याच्या पातळीला आणा, आणि पलीकडच्या दगडांचे पाय दिसतात का बघा. मधली माती आड येऊन पाय झाकले जात असतील तर भराव अजून जागेवर आहे.

व्यास साधारण ५-६ मीटरपासून २० मीटरच्या पुढेपर्यंत. जुनापाणीला अशी सुमारे ३०० वर्तुळं नोंदली गेली, म्हणजे ती एक वास्तू नव्हे, अख्खी दफनभूमी आहे. एकच वर्तुळ बघून परतणं म्हणजे गावातलं एक घर बघून गाव पाहिलं म्हणण्यासारखं. दोन वर्तुळांमध्ये अंतर किती सोडलंय, मोठी उंचवट्यावर आहेत का, लहान एकीकडे गोळा झालीत का, हे चालत पाहण्यातच मजा आहे.

रानभुली
'पालथी परात' अगदी बरोबर. आणि आत चढून उभं राहू नका हेही लिहा कुणीतरी. फोटोसाठी सगळे मधोमध जाऊन उभे राहतात. ती कुणाची तरी कबर आहे, शिवाय पायांनी वरचा थर घसरतो.

धुरकरी
ओळखण्याबद्दल लिहितो, कारण फसवणाऱ्या गोष्टी पुष्कळ.

पहिली म्हणजे खुद्द काळा पाषाण. बेसाल्ट भेगांमधून झिजत झिजत कांद्यासारखी सालं टाकतो आणि मधे गोल गरगरीत गोटे उरतात. माळावर असे गोटे आपोआप पसरलेले असतात, आणि डोळा त्यांत वर्तुळ शोधतोच. कसोटी अशी: नैसर्गिक गोटे लहानमोठे कसेही मिसळलेले असतात आणि आतबाहेर सारखेच विखुरलेले. मांडलेल्या कड्यात परिघावरचे दगड त्यातल्या त्यात एका मापाचे, आणि कड्याबाहेर लगेच चारपाच पावलांवर तसे दगड नसतात. वेचून आणलेले असतात ना!

दुसरी, धुऱ्यावरचे (शेताच्या बांधावरचे) ढीग. वावर नांगरताना निघालेले दगड शेतकरी धुऱ्यावर किंवा एखाद्या झाडाभोवती टाकतो. ढिगात दगड एकावर एक असतात, वर्तुळात सहसा नाही. ताज्या फेकलेल्या दगडाला नांगराचा किंवा जेसीबीच्या दातांचा पांढरट ओरखडा असतो. जुन्या बसलेल्या दगडाच्या उघड्या अंगावर करड्या-पिवळ्या दगडफुलाचे चट्टे असतात आणि जमिनीलगत मातीची रेघ. ती रेघ आणि आजची जमीन यांत चार बोटांचं अंतर पडलं असेल तर तेवढी माती वाहून गेली. चट्टा खाली आणि ओरखडा वर दिसला तर दगड उलटवलाय.

तिसरी, खळं आणि ढोरांचा जुना वाडा. दोन्ही गोल असू शकतात. पण खळ्याची जमीन चोपून सपाट केलेली, मधे कधी तिवड्याचा, म्हणजे मळणीच्या मधल्या खांबाचा खड्डा. वाड्याला दार असतं, म्हणजे कड्यात एक मुद्दाम सोडलेली मोकळी जागा, आणि तिथली जमीन खुरांनी दाबलेली. दफनाच्या वर्तुळात आत मुरमाचा भराव हा फरक.

या तीन कसोट्यांतली एकच उतरली तर 'वर्तुळ' म्हणू नका. दोन उतरल्या तर 'असू शकेल' म्हणा, तिन्ही उतरल्या तर टिपून ठेवा.

मोजपट्टी
मोजमापासाठी न्यायचं साहित्य: ३० मीटरची कापडी किंवा फायबरची टेप (पोलादी नको, कंपास बिघडवते), साधा आरशाचा कंपास, एक मीटरची काळी-पांढरी पट्टी, आलेख कागद, पेन्सिल, आणि चार रंगीत कापडी झेंडे ज्यांची काडी जमिनीत न खोचता दगडाला टेकवून ठेवता येईल. खुंट्या ठोकायच्या नाहीत. संरक्षित जागेत काहीही खोचणं हे उत्खननाच्याच वाटेवर जातं.

व्यास दोनदा घ्या, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. आणि कुठून कुठपर्यंत मोजला ते लिहा: दगडांच्या आतल्या अंगापासून, बाहेरच्या, की मध्यापासून. दगड ८० सेंटिमीटर जाडीचे असतील तर आतल्या आणि बाहेरच्या व्यासात १.६ मीटरचा फरक पडतो. दोन जणांची मापं जुळत नाहीत त्याचं निम्मं कारण हेच असतं.

वर्तुळ अर्धंच उरलं असेल (बहुतेक ठिकाणी असंच असतं, बाकीचे दगड बांधाला गेलेले) तरी व्यास काढता येतो. उरलेल्या कमानीच्या दोन टोकांमध्ये टेप ताणा, ती जीवा. जीवेच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं सर्वांत मोठं अंतर, ती उंची. जीवेचा वर्ग भागिले उंचीची आठपट, अधिक उंचीचा निम्मा, झाली त्रिज्या. जीवा ८ मीटर, उंची १.५ मीटर: ६४ भागिले १२ म्हणजे ५.३३, अधिक ०.७५, त्रिज्या ६.०८, व्यास सुमारे १२.२ मीटर.

इथे चुकतं ते उंचीत. ती १० सेंटिमीटरने जास्त धरली तर व्यास ११.६ येतो, कमी धरली तर १२.८. म्हणून टोकाचे दगड निवडताना हललेला, कलंडलेला दगड घेऊ नका, आणि तीन वेगवेगळ्या जीवा घेऊन तिन्ही उत्तरं लिहा. सरासरी घरी काढा.

फोनच्या जीपीएसने वर्तुळाचा आकार काढायच्या भानगडीत पडू नये. उघड्या आकाशाखालीही तो चारपाच मीटर इकडेतिकडे असतो. १२ मीटरचं वर्तुळ त्यात वेडंवाकडं वांगं होतं. जीपीएस फक्त 'ही जागा कुठे' यासाठी.

वाटसरू४४
हे फार कामाचं. दगड मोजताना मी नेहमी गोंधळतो, दोन फेऱ्यांत दोन आकडे येतात. आणि एका दगडाचं वजन अंदाजे सांगता येतं का, न हलवता?

मोजपट्टी
मोजणी: सुरुवातीच्या दगडावर टोपी ठेवा आणि घड्याळाच्या दिशेने फिरा. किती मोठा दगड 'मोजायचा' ते आधी ठरवा, उदाहरणार्थ ३० सेंटिमीटरपेक्षा लांब तेवढेच. फुटलेल्या दगडाचे दोन तुकडे एकमेकांत बसत असतील तर एक धरा. इंग्लंडमधल्या रोलराइटच्या वर्तुळाबद्दल तर दंतकथाच आहे की ते दगड दोनदा मोजून सारखा आकडा येत नाही. झिजून भोकं पडलेला चुनखडक आहे तिथला, कुठला तुकडा कुठल्या दगडाचा ते कळत नाही, त्यामुळे दंतकथेत तथ्य आहे म्हणायचं.

वजन: लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणा, गोलसर दगड म्हणून आलेल्या संख्येचा निम्म्याहून किंचित जास्त भाग घ्या (०.५२ ने गुणा), आणि बेसाल्टसाठी २.९ ने गुणा, उत्तर टनात. १ × ०.८ × ०.६ मीटरचा गोटा धरला तर ०.४८, त्याचे ०.२५, आणि वजन ०.७२५ टन. म्हणजे सव्वासातशे किलो. जमिनीत किती पुरलाय ते दिसत नाही, म्हणून हा आकडा कमीत कमी. हलवून, ओढून, लाकडाच्या ओंडक्यांवर घसरवून आठदहा माणसांना जमण्यासारखं काम आहे. परग्रहवासी लागत नाहीत.

तिरपाउजेड
जुनापाणीला गेलात तर कपमार्क चुकवू नका. काही दगडांवर वाटीसारखे उथळ खळगे कोरलेले आहेत, बऱ्याचदा ओळीत. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८७९ मध्ये जुनापाणीबद्दल लिहिलं तेव्हापासून त्यांच्यावर चर्चा चालू आहे. बहुतेक लोक त्यांच्यावर बसून डबा खातात आणि खळगे बघतच नाहीत, कारण ते दुपारी जातात.

हिशोब सोपा आहे. दगडाचा माथा सपाट धरा आणि खळगा ५ मिलिमीटर खोल. सूर्य ४५ अंशांवर असताना कडेची सावली ५ मिलिमीटर पडते, डोळ्याला जाणवत नाही. सूर्य १० अंशांवर असताना तीच सावली २८ मिलिमीटर होते, म्हणजे जवळजवळ अख्खी वाटी काळी भरते. नागपूरला डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य ४५ अंशांच्या आसपासच असतो, मे महिन्यात जवळपास डोक्यावर. तेव्हा हिवाळ्यात सूर्योदयानंतरचा तासभर आणि सूर्यास्ताआधीचा तासभर, एवढाच फोटोचा वेळ. दगडाचा माथा कललेला असेल तर दोन्ही वेळी जावं लागतं, सकाळी न दिसलेली ओळ संध्याकाळी उठते.

वेळ हुकली तर छत्रीने दगडावर पूर्ण सावली करा आणि टॉर्च हातभर अंतरावरून दगडाच्या पातळीला जवळजवळ आडवी धरा. दुसऱ्याने टॉर्च दगडाभोवती चारी बाजूंनी फिरवायची, प्रत्येक दिशेला एक फोटो. कॅमेरा मात्र जागचा हलता कामा नये.

काय करायचं नाही: खडूने भरणं, पीठ टाकणं, तेल-पाणी लावणं, दगडफूल खरवडणं. खडू वाहून जातो असं वाटतं, पण तो खडकाच्या बारीक भोकांत बसतो आणि पुढच्या माणसाला खळग्याची खरी कड कळत नाही. दगडफूल एकदा खरवडलं की त्याखालचा पृष्ठभाग नव्याने झिजायला लागतो.

आणि प्रत्येक खळगा माणसाने केलेला नसतो. काळ्या पाषाणात वायूचे बुडबुडे असतात, तेही गळून खड्डे राहतात. बुडबुड्याचा खड्डा अनियमित, आत कधी पांढरी-हिरवी खनिजं, कड धारदार. कोरलेला खळगा गोल, आतून गुळगुळीत, कड बोथट, आणि शेजारी त्याच मापाचा दुसरा. शंका आली तर बोटाने नाही, प्रकाशाने ठरवा.

चांदणचुरा
या खळग्यांच्या ओळी सूर्य-नक्षत्रांकडे रोखलेल्या आहेत ना? जुनापाणी म्हणजे प्राचीन वेधशाळा होती असं सगळीकडे फिरतंय.

काळापाषाण
'सगळीकडे फिरतंय' आणि 'अभ्यास झालाय' यांत फरक करू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने जुनापाणीच्या कपमार्कवाल्या दगडांच्या दिशा मोजल्या आणि त्या कशाही नसून काही ठरावीक दिशांना गोळा होतात असं मांडलं. खगोलाशी संबंध असण्याची शक्यता त्यातून पुढे येते. शक्यता. वेधशाळा हा शब्द पुढे फॉरवर्ड करणाऱ्यांनी जोडला.

कुणी फोनच्या कंपासने 'हा दगड संक्रांतीच्या सूर्योदयाकडे' म्हणाला तर त्याला दोन प्रश्न विचारा. वर्तुळात दगड किती? ३० असतील तर दर १२ अंशांना एक दगड आलाच, म्हणजे तुम्ही कुठलीही दिशा डोळे मिटून निवडा, तिच्या ६ अंशांच्या आत दगड मिळणार. दुसरा, चूक किती? फोनचा कंपास ५ अंश सहज चुकतो. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं. दहा सूर्य मावतील एवढी चूक घेऊन सूर्योदय ठरवायचा?

आणखी एक. नागपूरच्या अक्षांशाला वर्षभरात सूर्योदय क्षितिजावर ६५ ते ११५ अंशांमध्ये सरकतो, एकूण ५० अंश. सूर्यास्ताचेही ५० धरले तर ३६० पैकी १०० अंश कुठल्या ना कुठल्या दिवसाच्या सूर्याचे. म्हणजे कुठलीही सरळ रेघ ओढा, चारांत एकदा तरी ती 'सूर्याकडे' जाणार. इंग्लंडमधलं स्टोनहेंज उत्तरेला ५१ अंशांवर आहे, तिथे हाच पट्टा ८० अंशांच्या घरात जातो. तिथलं संरेखन मान्य झालंय ते एका दगडावरून नव्हे, अख्ख्या रचनेचा आस आणि बाहेरचा मार्ग एकाच रेषेत येतात म्हणून.

मोजपट्टी
कंपासबद्दल पुरवणी: बेसाल्ट स्वतः चुंबकीय असतो, वीज पडलेला दगड तर फारच. कंपास दगडावर ठेवून वाचला की सुई भरकटते. दगडापासून दोन पावलं मागे, छातीच्या उंचीवर धरा. मग समोरच्या दगडाकडे जाऊन उलट दिशेचं वाचन घ्या. दोन्ही वाचनांत बरोबर १८० अंशांचा फरक यायला हवा. दोन अंशांपेक्षा जास्त फरक आला तर त्या जागी कंपास वापरू नका. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक नागपूरकडे एका अंशाच्या आत आहे, या कामासाठी सोडून दिला तरी चालतो.

चांदणचुरा
पटलं. कंपास नेईन, तोंड बंद ठेवेन. :)

उत्तरवारा
धाग्याचा रोख विदर्भावर आहे, पण ब्रिटनमधली वर्तुळं बघून मग इथे येणाऱ्यांची अपेक्षा चुकते म्हणून तुलना लिहिते. तिथली बरीचशी नवाश्म आणि कांस्य युगातली, म्हणजे इथल्यापेक्षा हजार-दोन हजार वर्षं जुनी, आणि मुळात थडगी म्हणून बांधलेली नव्हेत. दगड उभे रोवलेले, मधली जागा मोकळी. एव्हबरीचं बाहेरचं कडं ३३० मीटरच्या आसपास व्यासाचं, अर्धं गाव आत मावलंय, आणि दगडांमधून मोकळेपणी फिरता येतं. स्टोनहेंजला मात्र एरवी दोरीबाहेरून बघायचं. मनात ती उभी दारं धरून जुनापाणीला आलात तर निराशा ठरलेली. मनात पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया-सेनेगलची वर्तुळं धरा, तीही दफनांशी जोडलेली आणि शेकड्यांनी एका पट्ट्यात पसरलेली. ती २००६ मध्ये जागतिक वारसा यादीत आली.

ब्रिटनमध्ये रानातून फिरण्याची एक सोय आहे जी इथे नाही: सरकारी नकाशावर प्राचीन अवशेषांची नावं वेगळ्या, जुन्या वळणाच्या अक्षरांत छापलेली असतात आणि सार्वजनिक पायवाटा आखलेल्या. फाटक जसं असेल तसं सोडायचं, उघडं असेल तर उघडं. वासरं असलेल्या गायींच्या मधून जायचं नाही. हे दोन नियम इथेही चालतील.

धुरकरी
इथे फाटक नाही, पण काटेरी झुडपं टाकून वाट बंद केलेली असते. ती सरकवली तर परत लावा. हरभरा-तूर उभी असताना वावरातून आडवं जायचं नाही, धुऱ्याने जायचं. आणि मालकाला 'महापाषाणयुगीन' वगैरे विचारू नका, 'गोल मांडलेले गोटे' विचारा. वर्तुळांचा संबंध जुन्या गवळ्यांशी जोडणारी समजूत या भागात आहे, दक्षिणेत अशाच दफनांना पांडवांशी जोडतात. ऐकून घ्या, दुरुस्त करायला जाऊ नका. गावाने दिलेल्या नावावरूनच पुष्कळदा जागा सापडते.

रानभुली
सापडलेल्या खापरांचं काय करायचं? नांगरलेल्या जागेत वरच पडलेली असतात.

काळापाषाण
तिथेच ठेवायचं. फोटो काढा, शेजारी पट्टी, आणि जसं होतं तसं पालथं ठेवा. आतून काळं-बाहेरून तांबडं, किंवा तांबड्या खापरात अभ्रकाची चमक दिसली तर ते या काळाचं असू शकतं. पण त्याची किंमत 'कुठे पडलं होतं' यातच आहे. खिशात घातलं की ते नुसतं खापर.

कायदाही स्पष्ट आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळं कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली: संरक्षित हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला मनाई, त्यापुढे २०० मीटर नियंत्रित. नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या निधीची जिल्हाधिकाऱ्यांना लेखी खबर द्यावी लागते. तिपाई आणि ड्रोन परवानगीशिवाय नेऊ नका.

पांदणवाट
एक विनंती सगळ्यांना. फलक लागलेल्या, जाहीर ठिकाणांचे अक्षांश-रेखांश टाका, हरकत नाही. फलक नसलेली जागा सापडली तर ती इथे टाकू नका, पुरातत्त्व खात्याला कळवा. बऱ्याच वर्तुळांच्या मधोमध जो खड्डा दिसतो तो उत्खननाचा नसतो, धनाच्या आशेने खणलेला असतो. फरक कळतो: उत्खननाचा खड्डा सरळ कडांचा, चौकोनी किंवा वर्तुळाचा नेमका चतकोर, धनवाल्यांचा वेडावाकडा, भोवती मातीचा ढीग तसाच टाकलेला. फोटोच्या माहितीतही जागा जाते, तेव्हा फोनमधलं ठिकाण बंद करूनच फोटो टाका.

सोन्याच्या आशेने खणणाऱ्यांना खाली बहुधा काय मिळतं? गंजलेल्या कुऱ्हाडी, सुळे, छिन्न्या, आणि फुटकी मडकी. तीच खरी मौल्यवान, पण बाजारात त्यांना कोण विचारतो.

काळापाषाण
त्या लोखंडी वस्तूंवरूनच पुढची दिशा देतो. वर्तुळ बघून आलात की वस्तू कुठे आहेत हे बघायला हवं, नाहीतर चित्र अर्धंच राहतं. माहुरझरी काटोल रस्त्याच्याच बाजूला, जुनापाणीच्या पुढे. डेक्कन कॉलेजच्या शां. भा. देव यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे उत्खनन केलं. घोड्यांची दफनं मिळाली, घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने मिळाले. गावाच्या पांढरीत (जुन्या वस्तीच्या टेकाडात) अकीक-कार्नेलियनचे मणी घडवण्याचं मोठं केंद्र होतं. दुसऱ्या बाजूला, पेंच नदीकाठी पारशिवनी तालुक्यातलं नैकुंड. तिथे लोखंड वितळवण्याची भट्टी निघाली, वळवलेल्या विटांची. म्हणजे दफनातली कुऱ्हाड कुठे बनली याचं उत्तर त्याच संस्कृतीच्या वस्तीत. नैकुंडला आज जमिनीवर बघण्यासारखं थोडं, मात्र नदी, कच्चं खनिज आणि जळण यांची जवळीक तिथे उभं राहिल्यावरच कळते.

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, आणि पुण्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय. पुण्याहून येणार असाल तर तेच आधी बघा. रिव्हेट-कार्नॅकने काढलेल्या वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या.

उत्तरवारा
चिमूर तालुक्यातलं हिरापूर राहिलं की!

काळापाषाण
हो, पण ते वर्तुळ नव्हे, डोलमेन. बाजूला उभ्या शिळा आणि वर छताची आडवी शिळा, दगडी खोलीच म्हणा. नागपूरहून वेगळा अख्खा दिवस द्यावा लागतो. आत रांगत जाऊ नका. छताची शिळा कित्येक ठिकाणी दोनच बिंदूंवर टेकलेली असते, आणि आत थंडाव्याला साप बसतात. बाहेरून टॉर्च मारून जमीन, सांधे आणि शिळांच्या कडा बघा. शिळा फोडून काढल्याच्या पाचरीच्या खुणा शोधायच्या तर कडांवरच.

वाटसरू४४
सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय: पहिल्या दिवशी सकाळी १० ला जुनापाणी, दुपारी माहुरझरी, संध्याकाळी अजब बंगला. दुसऱ्या दिवशी नैकुंड. चालेल?

तिरपाउजेड
१० वाजता? वर सावलीचा हिशोब कशाला मांडला मग! सूर्योदयाला जुनापाणी. जानेवारीत नागपूरला सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, तेव्हा पावणेसातला गाडी लावलेली हवी. पहिला तास फक्त कपमार्क, मोजणी नंतर.

पांदणवाट
अनुमोदन. आणि संग्रहालय संध्याकाळी ठेवू नका, बंद व्हायच्या वेळी पोचाल. जुनापाणी ९ पर्यंत, मग माहुरझरी, ऊन चढलं की दुपारी संग्रहालय. संध्याकाळचा उजेड उरला तर परत जुनापाणी: सकाळी न दिसलेल्या ओळींसाठी. नैकुंडच्या दिवशी घाई नको, तिकडे पांदणीने बरंच चालावं लागेल.

मोजपट्टी
टेप गुंडाळण्याआधी पुसा. कुसळं अडकली की पुढच्या वेळी ती उलगडताना फाटते.